दुसऱ्या मजल्यावरच्या सहा खोल्या

१७ नोव्हेंबर

दवाखान्यातल्या व्यायामाच्या मॅडमनी सांगितलंय, रोज पानभर लिहा, बोटं मोकळी होतील. लिहितो. पण काय लिहिलंय ते त्यांना दाखवणार नाही.

मी वैजनाथ. मूळचा जामखेड तालुक्यातला, बावीस वर्षं रंगकाम करतोय, त्यातली चौदा शिर्डीत. ऑगस्टमध्ये कोपरगावला परांचीची फळी सरकली आणि मी खाली आलो. उजव्या खांद्यात प्लेट टाकलीय. हात छातीपर्यंत येतो, त्याच्या वर जात नाही. जाईल. आज ना उद्या जाईल.

करणला ब्रश धरायला मी शिकवलं. आता त्याची बारा माणसांची टोळी आहे. तो चहाच्या टपरीवर म्हणाला म्हणे, "वैजूभाऊंचं संपलं." आज त्या टपरीवरूनच गेलो, मुद्दाम, सावकाश. चहा घेतला, डाव्या हातानं.

कारण आजच काम मिळालं. वाल्मिक म्हणून एका लॉजचा मॅनेजर आहे. त्यानं स्वतः बोलावलं. माझी बायको ज्योती दोन महिन्यांपासून त्याच लॉजवर चादरी धुवायला जाते. वाल्मिक म्हणाला, "ताई रोज म्हणतात, आमच्या मालकांना काम द्या, आमच्या मालकांना काम द्या." मी हसलो. बायकांना बोलायला काय लागतं? ह्या गावात काम येतं ते माणसाच्या नावावर.

दुसऱ्या मजल्यावर सहा खोल्या आहेत. पूर्वी एक मोठा हॉल होता, त्यात जिप्सम बोर्डाची पार्टिशनं घालून खोल्या पाडल्यात. बोर्डावर सोनेरी पानांचा वॉलपेपर. एसीच्या ओलीनं तो सगळीकडं फुगलाय, कोपऱ्यात काळी बुरशी. कागद काढायचा, भिंत तयार करायची, रंग द्यायचा. नाताळच्या गर्दीआधी, वीस डिसेंबरला खोल्या ताब्यात.

हाताचं बोललो नाही. लांब बाह्यांचा शर्ट घातला होता, हात खिशात.

१८ नोव्हेंबर

बोर्ड हलका आहे. ही लॉजवाल्यांची चूक, माझी नाही.

सिमेंटच्या भिंतीवरचा कागद मी शंभरदा काढलाय. पाणी मारायचं, भिजू द्यायचं, पट्टी लावायची, खरवडायचं. दोनशे एकमध्ये तेच केलं. डाव्या हातानं का होईना, दुपारपर्यंत एक भिंत उरकली. मग बघतो तर काय, कागदाबरोबर बोर्डाची तपकिरी कातडी पण निघून आलेली. आतला पांढरा जिप्सम भिजून कणकेसारखा झालेला. दाराजवळ तर पट्टी आरपार गेली आणि भोकातून मला दोनशे दोनमधला पलंग दिसला.

चादरी वाळत घालून ज्योती वर आली. भोकापुढं उभी राहिली, बाजूला बोटानं दाबून बघितलं.

"अवो, ही भिंत न्हाई. पुठ्ठा हाय हा."

"मला शिकवू नको."

"शिकवत न्हाई. पुठ्ठ्यावर बादलीभर पानी वतल्यावर काय व्हनार?"

मी पट्टी खाली टाकली. ती उचलायला वाकलो तर खांद्यातून असली कळ निघाली की डोळ्यांपुढं पिवळं झालं. ज्योतीनं बघितलं नाही. ती तेव्हा खिडकी पुसत होती. खिडकी पुसायला सांगितलं कुणी होतं, देव जाणे.

१९ नोव्हेंबर

सकाळी ती घरातलं उलथनं घेऊन आली. मी म्हणालो, इथं काय थालीपीठ लावायचंय? ती उलथनं घेऊन थेट पुढच्या खोलीत गेली.

दोनशे दोनच्या कोपऱ्यात तिनं नखानं कागदाचं टोक उचललं आणि पाणी न लावता, खाली खाली, अगदी हळू ओढत नेलं. वरचं प्लास्टिकचं पान अख्खं सुटून आलं. मागं बोर्डावर नुसता पातळ पांढरा कागद राहिला. कोमट पाण्यात चमचाभर भांड्यांचा साबण टाकून, फडकं पिळून, तिनं त्या कागदावर नुसतं टेकवलं. थांबली. दुसऱ्या हातभर जागेवर टेकवलं. मग पहिल्या जागेवर येऊन उलथनं आडवं धरून सरकवलं. कागद लोळागोळा होऊन आला आणि बोर्डाची कातडी जशीच्या तशी.

"हे कुठं शिकलीस?"

"बरण्यांवरची लेबलं काढत न्हाई का आपन?"

ठीक आहे. कागद निघाला म्हणजे भिंत झाली असं नाही. मागं खळ राहते, चिकट. ती धुतली नाही तर रंगाला चिरा पडतात. हे तिला मी सांगितलं. तिला माहीत नव्हतं.

भोकाचं पण मीच मार्गी लावलं. भिजलेला भाग चौकोनी कापायला लावला, मागं लाकडी पट्टी स्क्रूनं बसवून नवा तुकडा घातला. स्क्रू तिनं मारले, पण कुठं मारायचे ते मी सांगितलं.

२० नोव्हेंबर, गुरुवार

गर्दी. खालून वर यायला जागा नाही. वाल्मिकनं विचारलं, "ताई वर काय करतात?" मी म्हणालो, पाणी आणून देते.

२४ नोव्हेंबर

दोनशे एक आणि दोन मोकळ्या झाल्या. ज्योती पहाटे चार तास चादरी धुते, मग वर येते. वरच्या बाजूचं ती करते, खालचं मी. मला स्टुलावर चढू देत नाही. म्हणते, स्टूल डगमगतं. मी बघितलं, अजिबात डगमगत नाही.

आज एक महत्त्वाची गोष्ट तिला शिकवली. जिथं बोर्डाची कातडी फाटलीय, तिथं थेट लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची नाही. लांबीतल्या पाण्यानं फाटका कागद फुगतो आणि फोड येतात. आधी सुटे धागे ब्लेडनं कापायचे, मग तेलाचा प्रायमर मारून जागा बंद करायची, वाळू द्यायचं, मगच लांबी.

"म्हंजे आधी जखम बांधायची," ती म्हणाली.

तसंच. बावीस वर्षांत मला असं सांगायला सुचलं नव्हतं.

२७ नोव्हेंबर

दवाखान्यात गेलो. मॅडमनी हात धरून वर नेला, बाजूला नेला, मागं नेला. मी दात आवळून होतो. विचारलं, "किती दिवस लागतील?" म्हणाल्या, "व्यायाम चालू ठेवा." मग ज्योतीला बाहेर व्हरांड्यात घेऊन गेल्या. दहा मिनिटं काय बोलत होत्या कोण जाणे. ज्योती आली तेव्हा डोळे लाल होते. म्हणाली, धुळीनं झाले. दवाखान्यात कसली धूळ? माझ्या खाण्यापिण्यावरून तिला बोलल्या असतील. बाईमाणूस दिसलं की बोलायचं, अशी सवय असते काहींना.

बसमध्ये ती एकदम म्हणाली, "मला लांबी भरायला शिकवा. खालनं वरपत्तूर सगळं. नीट."

"कशाला? मी हाय की."

"तुमी हाईतच. शिकवा."

१ डिसेंबर

आज नीट लिहिता येत नाहीये. तरी लिहितो.

पाच खोल्यांचा कागद निघाला. दोनशे तीनमध्ये दोन बोर्डांच्या सांध्यावर जाळीची टेप लावायची होती, अगदी छताशी. ज्योती खाली पाणी बदलायला गेली. मी म्हटलं, बस्स झालं. चढलो स्टुलावर. डाव्या हातानं टेप धरली आणि उजवा हात वर न्यायला लागलो. छातीपर्यंत आला. मी म्हणालो, चल. नाही गेला. डाव्या हातानं कोपर धरून वर ढकलला. तेव्हा मला माझाच ओरडा ऐकू आला. टेपचं भेंडोळं खोलीभर उलगडत गेलं आणि मी स्टुलावरच बसलो, उतरता येईना.

ज्योती दारात. बादली ठेवली, मला धरून उतरवलं.

"दोन महिन्यांत नीट व्हईल," मी म्हणालो.

तिनं टेपचं भेंडोळं उचललं. मग म्हणाली, "न्हाई व्हनार. मॅडमनी सांगितलं मला. हितपत्तूर येईल. वर न्हाई."

तिनं तिच्या स्वतःच्या छातीवर हात ठेवून दाखवलं, हितपत्तूर.

मी म्हणालो, मॅडमला काय कळतं? मी म्हणालो, तुला माझं बसून राहणंच पाहिजे. आणखी पण बोललो, ते इथं लिहीत नाही. ती टेप गुंडाळत होती. सगळी गुंडाळली, मग स्टुलावर चढली आणि छताशी लावली. सरळ. एकसुद्धा सुरकुती नाही.

२ डिसेंबर

गेलो नाही. डोकं दुखतंय असं सांगितलं. ती एकटी गेली.

३ डिसेंबर

आजही नाही गेलो. ती संध्याकाळी आली, केसांत पांढरी पूड. भाकरी टाकता टाकता म्हणाली, "त्या फाटक्या जागंवर लांबी बारक्या भेगा देती. का देत आसंल?"

मी ताट पुढं ओढलं.

"थर जाड झाला का?"

"किती दिला?"

तिनं बोटाची कड दाखवली.

"येडी का काय! एवढा जाड? दोन पातळ हात द्यायचे. पहिला वाळल्यावर दुसरा आडवा."

"मंग ते हितं बसून मला कसं कळनार?" म्हणाली आणि माझ्या ताटात भाकरी वाढली.

४ डिसेंबर

गेलो. भेगा तिनं सांगितल्या तेवढ्या नव्हत्याच. दोन-चार होत्या, त्याही केसाएवढ्या. एवढ्याशासाठी मला बोलावलं. बायकांना धीर नसतो.

७ डिसेंबर

लांबी चाललीय. पट्टी कशी धरायची, कुठं दाब द्यायचा, कुठं हात सोडायचा, हे तोंडानं सांगणं अवघड. मी तिच्या मागं उभा राहून डाव्या हातानं तिचं मनगट हलवलं दोन दिवस. आज नुसता बसलो होतो. ती खालून वर पट्टी ओढत गेली आणि थांबली नाही. एका दमात. पट्टीचा आवाज एकसारखा येत होता. चांगल्या कारागिराच्या पट्टीचा आवाज येतो तसा. माझा हात तिच्यात उतरलाय असंच म्हणायला पाहिजे.

वाळल्यावर खोली अंधारी केली आणि भिंतीला लागून आडवा बल्ब धरला. समोरून भिंत गुळगुळीत दिसते, पण आडव्या उजेडात प्रत्येक उंचवट्याची सावली पडते. सतरा जागा निघाल्या. पेन्सिलनं खुणा केल्या. ज्योतीचं तोंड उतरलं.

"मी आयुष्यात पहिली खोली केली तेव्हा चाळीस निघालेल्या," मी म्हणालो.

खरं तर साठ होत्या.

९ डिसेंबर

लॉजचे मालक आले. बन्सीशेठ. पहिल्यांदाच बघितलं त्यांना. पांढरी पँट, पायात बूट, वर येईपर्यंत दम लागलेला. मागं वाल्मिक. मी दोनशे चारच्या दारात होतो. ज्योती आत, स्टुलावर, पॉलिश पेपरनं घासत. तोंडाला ओढणी बांधलेली, भुवया पांढऱ्या.

"ही कोण? ही तर चादरीवाली ना?" शेठ म्हणाले. मग माझ्याकडं बघून, "तुम्ही पेंटर? काय, नमस्कार तरी करा."

मी नमस्कार केला. एक हात कपाळापर्यंत गेला, दुसरा छातीशीच राहिला. शेठनं ते बघितलं.

"वाल्मिक, हा माणूस हात उचलू शकत नाही. आणि वीस तारखेला मला गिऱ्हाईक घ्यायचंय! आत्ताच्या आत्ता काम बंद करा. दुसरी टोळी लावा."

वाल्मिक काहीतरी बोलायला लागला, तेवढ्यात ज्योती स्टुलावरून म्हणाली, "शेठ, आधी भिंत बगा."

"तू खाली उतर."

"उतरते. पर आधी भिंत बगा. भिंत वाकडी निघाली तर आमी आत्ता जातो, कुनी सांगायची गरज न्हाई. सरळ निघाली तर काम आमीच पुरं करनार."

शेठनं मान वर करून तिच्याकडं बघितलं. बहुतेक त्यांच्याशी असं कुणी स्टुलावरून बोललं नसावं. तिनं खिडकीला चादर लावली, बल्बची वायर ओढली आणि बल्ब त्यांच्याच हातात दिला. "भिंतीला टेकवून धरा. आसा. आता फिरवा."

शेठ बूट वाजवत भिंतीच्या कडेनं फिरले. बल्ब वर, बल्ब खाली. त्या उजेडात भिंत कागदासारखी सपाट दिसत होती, एक सावली नाही. बोटं फिरवली. पुन्हा फिरवली.

"सांधा कुठं आहे दोन बोर्डांचा?"

"शोधा," ज्योती म्हणाली.

त्यांना सापडला नाही. मलाही सापडला नसता.

शेठ माझ्याकडं वळले. "काम कुणाचं हे?"

आणि मी म्हणालो, "माझं."

असं का बोललो? बावीस वर्षं कुणी विचारलं की तोंडातून तेच येतं. शेठ म्हणाले, ठीक आहे, चालू ठेवा. ते गेले. ज्योतीनं चादर काढली, बादली उचलली आणि खाली गेली.

शिकवलं मी. म्हणजे काम माझंच. ह्यात खोटं काय आहे?

१० डिसेंबर

ती काल रात्रीपासून बोलत नाहीये. भांडणारं माणूस परवडतं.

सकाळी ती चादरी धुवायला गेली आणि मी चहा पीत बसलो. माझ्या पुढं तिचा कामाचा गाऊन वाळत होता. त्याच्या उजव्या खांद्यावर लांबीचे डाग होते, पाठीवर होते, बाहीवर कोपरापर्यंत होते. माझा शर्ट शेजारीच होता. त्याला पुढं खाली दोन ठिपके. मी बराच वेळ ते दोन कपडे बघत बसलो. मग उठलो आणि लॉजवर गेलो.

शेठ खाली काउंटरवर होते, चार भाविक खोलीचं विचारत उभे. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "शेठ, काल मी खोटं बोललो. ती भिंत माझी न्हाई. माझ्या बायकोनं केलीय. ज्योतीनं. माझा हात वर जात न्हाई आन आता जानार पन न्हाई."

बोलून झाल्यावर मला कळलं की हे शेवटचं मी आधी कुणालाच बोललो नव्हतो. स्वतःलासुद्धा.

शेठ म्हणाले, "बरं मग? भिंत सरळ आहे ना?" आणि भाविकांना खोली दाखवायला गेले.

मी तिथंच उभा. वाल्मिक रजिस्टरमधून डोकं वर न काढता म्हणाला, "वैजनाथराव, मी काम कुणाच्या जिवावर दिलं होतं असं वाटलं तुम्हाला?"

काय म्हणायचं होतं त्याला, ते मला नीट कळलं नाही. विचारलं पण नाही.

वर गेलो. ज्योतीला सांगितलं, शेठला खरं सांगून आलोय. तिनं पॉलिश पेपरची घडी बदलली. "आयकलं मी. जिन्यात आवाज येतो," म्हणाली. मग थोड्या वेळानं, "च्या घेतला का?"

१४ डिसेंबर

सहाही खोल्यांना प्रायमर. वासानं डोकं गरगरतंय. ज्योतीचा उजवा खांदा धरलाय. मॅडमनी मला शिकवलेले व्यायाम मी तिला करायला लावले. नीट करत नाही, लगेच कंटाळते. मी मॅडमसारखा ओरडलो.

गावाहून आईचा फोन होता. म्हणाली, "सुनंला स्टुलावर चढवतोस म्हनं? लोकं काय म्हनत्याल?" मी म्हणालो, "लोकांच्या घराला रंग द्यायचा असला तर पाठव, तिला विचारून सांगतो."

१८ डिसेंबर

पाच खोल्या पूर्ण. दोनशे सहामध्ये शेवटचा हात चालू होता, तेव्हा करण आला. नवीन बूट, हातात दोन फोन. कुणीतरी सांगितलं असणार. सगळ्या खोल्या फिरून आला. दारात उभा राहून भिंतीवर नखानं टकटक केलं.

"वैजूभाऊ, मी चुकीचं बोललो होतो," म्हणाला. हे त्याला शोभलं, खोटं कशाला लिहू. "अशा बोर्डाच्या खोल्या आता शिर्डीत जिकडं तिकडं. माझ्या पोरांना हे जमत न्हाई, फाडून ठेवत्यात. तुमी माझ्याकडं या. चढायचं न्हाई, उतरायचं न्हाई. खुर्ची टाकून बसायचं, पोरांवर लक्ष ठेवायचं. कारागिराच्या रोजानं हजेरी देतो."

खुर्ची. बारा माणसं. टपरीवर सगळ्यांना कळेल.

"आन वहिनींना पन आना," करण पुढं म्हणाला. "कागद काढायला, घासायला. बिगाऱ्याची हजेरी."

रोलर थांबला. ज्योती स्टुलावरून खाली आली, रोलर ट्रेमध्ये ठेवला, ओढणीनं तोंड पुसलं.

"करणभाऊ, ह्या भिंतीत तुमाला बिगाऱ्याचं काय दिसलं?"

"तसं न्हाई वहिनी. बाईमानसाला कारागिराची हजेरी दिली तर माझी पोरं काय म्हनत्याल?"

"मंग पोरांनाच करू द्या. मी न्हाई येत."

करण हसला. तिच्याकडून वळून माझ्याकडं बघितलं, पुरुष पुरुषाकडं बघतो तसं. "भाऊ, तुमी सांगा. तुमचं काय?"

मी खिडकीच्या कट्ट्यावर बसलो होतो. मांडीवर घासायचा कागद, हातात तिच्यासाठी पाण्याची बाटली. खुर्चीचा विचार अजून डोक्यात होता. ते पण लिहून ठेवतो, कारण तो लगेच गेला नाही.

"करण," मी म्हणालो, "कारागीर बोलला की तुझ्याशी. आता बिगाऱ्याला काय इचारतोस?"

त्याला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा हसणं गेलं. जिना उतरताना त्याचे बूट बराच वेळ वाजत होते.

ज्योतीनं रोलर उचलला. मला वाटलं, काहीतरी बोलेल. ती स्टुलावर चढली, छताजवळ बघितलं आणि म्हणाली, "उगं हसत बसू नका. बाटली ठिवा आन त्यो बल्ब धरा हिकडं."

मी बल्ब धरला. डाव्या हातानं, वर.